धक्का नसलेलं बंदर

हर्णैचं रील तुम्ही बहुतेक पाहिलं असणार. संध्याकाळची वेळ, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, पुढे पोटापर्यंत पाण्यात उतरलेली बैलगाडी आणि गाडीवर माशांचे क्रेट. वर कुठलं तरी कोळीगीत लावलेलं असतं. अशा तीन-चार रील्समध्ये उजवीकडचा पांढरा बैल आमच्या काकाचा आहे. काकाला दाखवलं तर तो एवढंच म्हणाला, "लाखभर लोकांनी बघितला? मग पेंडीचे पैसे त्यातला एक तरी देईल काय?"

दापोलीहून घाट उतरून खाली आलात की एसटीच्या पाटीवर ‘हर्णै बंदर’ लिहिलेलं असतं. बंदर म्हटलं की धक्का असेल, बोट धक्क्याला लागत असेल, माणूस पायऱ्या उतरून बोटीत बसत असेल, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. माझं लहानपण इथे गेलं, पण मी हे चित्र कधी पाहिलं नाही. बोटी दूर खोल पाण्यात नांगरून उभ्या असतात. त्यांच्यातला मासा आधी छोट्या होडीत येतो, होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर. ओहोटीला हे अंतर वाढतं, भरतीला कमी होतं. खोल पाणी आणि कोरडी वाळू यांच्यामधला हा शे-दोनशे पावलांचा पट्टा म्हणजे ना धड समुद्र, ना धड जमीन. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांनी याच पट्ट्यावर पोट भरलं. आजोबा त्यावरून माणसं नेत-आणत, काका मासे नेतो-आणतो. गावाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की तो इतिहासही बराचसा याच पट्ट्यात घडलाय.

शाळेत आम्हाला शिकवला तो किल्ल्यांचा इतिहास. एवढ्याशा गावात चार किल्ले आहेत. समुद्रात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर त्याला पहारा दिल्यासारखे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. (गोवा किल्ल्याचा गोव्याशी काय संबंध, हा प्रश्न प्रत्येक पर्यटक विचारतो. आम्ही प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो.) कनकदुर्गावर आता दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरं. सुवर्णदुर्गापर्यंत समुद्राखालून भुयार आहे, हे गावातला कुठलाही माणूस छातीठोकपणे सांगेल. भुयारातून स्वतः गेलेला माणूस मात्र अजून भेटलेला नाही.

सुवर्णदुर्ग आंग्र्यांचा. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, पुढे मुलांमध्ये भाऊबंदकी झाली आणि दक्षिणेकडची ठाणी तुळाजी आंग्र्यांकडे आली. तुळाजीचं पुण्याच्या पेशव्यांशी पटत नव्हतं, मुंबईच्या इंग्रजांशी तर मुळीच नाही. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचा परवाना घ्यायचा, हे इंग्रजांना मान्य नव्हतं. त्यांच्या कागदांत त्याला चाचेगिरी म्हटलंय. आपल्याकडे त्यालाच आरमार म्हणतात. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले. पेशव्यांच्या बाजूने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव होते, इंग्रजांच्या बाजूने कमोडोर विल्यम जेम्स. जेम्सच्या ‘प्रोटेक्टर’ जहाजावर ४४ तोफा होत्या.

२ एप्रिलला जेम्सने समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या. किल्ल्याची ती भिंत म्हणजे नुसता कातळ, त्यामुळे दिवसभर गोळे वाया गेले. मग किल्ल्यातून पळून आलेल्या एका माणसाने सांगितलं की या बाजूने जन्मात काही होणार नाही, किनाऱ्याकडची बाजू कच्ची आहे. दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाज वळवलं आणि किल्ला व किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणलं. तिथून केलेल्या माऱ्यात किल्ल्यातल्या दारूगोळ्याला आग लागली, आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा संपायच्या आत चारही किल्ले आंग्र्यांच्या हातून गेले. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, इंग्रजांच्या पदरात बाणकोट पडलं. पुढच्या वर्षी विजयदुर्गही पडला.

इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. मला त्यातली अडकवून ठेवणारी गोष्ट म्हणजे तो पळून आलेला माणूस. त्याला काय माहीत होतं? किल्ल्याच्या कुठल्या अंगाला पाणी किती खोल आहे आणि जहाज कुठवर येऊ शकतं, ही खाडी-समुद्रावर राबणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट. आमच्याकडे आजही पंधरा वर्षांचा पोरगा सांगेल की कुठल्या तिथीला होडी कुठे टेकते. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. जेम्सचं मात्र लंडनमध्ये स्मारक आहे. १७८३ मध्ये तो वारला, दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तीनकोनी मनोरा बांधला. नाव ठेवलं ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्गचा इंग्रजी उच्चार! मी तो मॅपवर शोधला. मनोरा शाबूत आहे, गच्चीवर जाता येतं, खाली चहा-कॉफी मिळते. आमच्या सुवर्णदुर्गावर जायचं तर होडीवाल्याशी घासाघीस करायची आणि पोहोचल्यावर गुडघाभर पाण्यात उडी मारायची. तिथेही धक्का नाही.

या पाण्यातून एकदा खुद्द पेशवेही गेलेत. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि दुसरे बाजीराव पळाले. सिंहगड, मग कोकणात उतरून महाड, तिथून सुवर्णदुर्ग. शेवटी ते इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला तिथे तह झाला. मराठी राज्याचं स्वातंत्र्य खरं तर त्या कागदावर संपलं, १८१८ मध्ये उरलासुरला व्यवहार झाला. मराठेशाहीचा पेशवा आपल्याच मुलखातून परक्या जहाजाकडे निघालाय आणि होडी वल्हवणारे आमच्याच गावचे कुणी तरी आहेत, असं मी कधी कधी डोळ्यांसमोर आणतो. त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळाली असेल का, हा विचार मला तहापेक्षा जास्त त्रास देतो. काकाशी बोलून बोलून डोकं असं झालंय.

इंग्रजी राज्य आल्यावर किल्ल्यांचं काम संपलं. वर दापोलीत लष्कराची छावणी बसली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘कॅम्प दापोली’ असतं. हर्णै त्या छावणीचं आणि आजूबाजूच्या मुलखाचं दार झालं. मग वाफेवर चालणाऱ्या आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट किनाऱ्याने बंदरं घेत दक्षिणेकडे जायची. गिरणीत नोकरी करणारा, शिकायला गेलेला, गणपतीची सुट्टी संपवून परतणारा, जो तो आगबोटीने. कोकणातल्या माणसाचा मुंबईशी असलेला संबंध रस्त्याने नाही, पाण्याने जोडलेला होता. पावसाळ्यात बोटी बंद. मग चालत. शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, लहानपणी एका परीक्षेसाठी डोंगर ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. पोहोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. ही गोष्ट आम्हाला शाळेत जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगायचे. मी ती रस्ता नसल्याची गोष्ट म्हणून ऐकायचो.

आमचे आजोबा पडावावर होते. पडाव म्हणजे मोठी उघडी होडी. आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबून भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून पडाव सुटायचे. माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, नवी नवरी, सगळं एकाच पडावात. पडाव वाळूला लागायचा नाही, म्हणून शेवटचं अंतर आजोबा लोकांना खांद्यावर किंवा पाठीवर घेऊन जायचे. बायकांनी पाठीवर कसं बसायचं, म्हणून त्यांच्यासाठी दोघांनी हातांची चौकडी करायची. आजोबा सांगायचे, "साहेब असो का शेटजी, पाण्यात सगळ्यांचं वजन सारखंच भरतं." खरं त्रासाचं काम दुसऱ्या टोकाला असायचं. बोट हलतेय, पडाव हलतोय, आणि दोन लाटांच्या मधल्या क्षणी हातातलं पोर वर द्यायचंय. वर घेणाऱ्याने घेतलं की नाही हे बघायला वेळ नसायचा. आजोबांच्या हातून कधी कुणी निसटलं नाही, असं ते म्हणायचे. आजी तेव्हा विषय बदलायची.

रस्ते झाले, एसटी गावोगाव पोहोचली आणि आगबोटी हळूहळू बंद झाल्या. पडाव वाळूवर पडून राहिले. त्यांची लाकडं कुणाच्या पडवीला लागली, कुणाच्या चुलीत गेली. आमच्या गोठ्याची आडवी तुळई अजून पडावाची आहे. तिच्यातून पावसाळ्यात खाऱ्या पाण्याचा वास येतो. हे बाकी कुणाला जाणवत नाही, फक्त मला.

एव्हाना तुमच्या मनात आलं असेल की मासेमारीवर लिहितोय म्हणाला आणि मासा कुठेच नाही. कागदांतही असंच आहे. तोफा किती, तह कुठला, बोटी कुणाच्या, सगळं लिहिलेलं सापडतं. मासेमारी इथे या सगळ्याच्या आधीपासून होती आणि सगळं संपल्यावरही राहिली, पण तिची नोंद कुणी का ठेवावी? ती जाळ्यांत, वासात आणि बायकांच्या हिशेबात राहिली. आजीच्या लहानपणी मासा गावापासून लांब जाऊच शकत नव्हता. सकाळी आलेला मासा बायका डोक्यावर टोपलीत घेऊन डोंगर चढायच्या. दुपारपर्यंत जेवढी गावं चालून होतील तेवढाच त्याचा बाजार. पैशांऐवजी भात मिळायचा, नाही तर नाचणी. उरलेलं खारवायचं, वाळवायचं. सुके बांगडे, सुकट, सोडे यांवर डोंगरावरची गावं पावसाळा काढायची. जाळी सुताची, सणाची. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची. शेजारच्या पाजपंढरीतल्या एका म्हाताऱ्या बायने मला हात दाखवून सांगितलं होतं, "हा रंग लग्नातल्या हळदीनंसुद्धा गेला नव्हता."

मग गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तीन गोष्टी आल्या आणि सगळं बदललं: इंजिन, नायलॉन आणि बर्फ. इंजिनामुळे वाऱ्याची वाट बघणं संपलं. नायलॉनमुळे ऐनाची साल संपली. पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल बर्फाने केला. बर्फ आल्यावर मासा थांबू शकला, आणि थांबलेल्या माशाला लांबचं गिऱ्हाईक मिळालं. मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या गाड्या वाळूच्या काठावर येऊन उभ्या राहायला लागल्या. डोंगर चढणारी टोपली त्या गाड्यांसमोर टिकणार नव्हती. आजीने टोपली खाली ठेवली ती कायमचीच. पुढे ती लिलावाच्या जागी सुकं विकायला बसायची.

लिलाव सकाळी होतो आणि संध्याकाळी होतो. रीलमध्ये नुसता आरडाओरडा ऐकू येतो, म्हणून सांगतो. एका नावेचा मासा वाळूवर ढिगांत मांडला जातो. पुकारणारा आकडा सांगतो, भोवतीचे व्यापारी वाढवत नेतात. काही जण तोंडाने बोलतात, काही नुसती मान हलवतात. मिनिटभरात ढीग विकला जातो. लगेच त्यावर बर्फ पडतो आणि पुढचा ढीग सुरू. पैसे तेव्हाच्या तेव्हा हातात येतात असं नाही, बराचसा व्यवहार वहीवर आणि शब्दावर चालतो. पर्यटक मध्ये घुसून दोन पापलेट मागतात तेव्हा पुकारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. नाव मालकाची, पण आतली माणसं तांडेल आणि खलाशी, आणि खलाशांत आता नेपाळहून आलेले बरेच. ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो थेट नोकरीवर.

दूरवर जाणाऱ्या इंजिनांमागून मोठी जाळी आली. आधी ट्रॉल, मग पर्ससीन. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोल जाळं टाकायचं आणि बटव्याची दोरी ओढावी तसं खालून आवळायचं. बांगडा, तारली, सगळा थवाच्या थवा आत. पारंपरिक मच्छीमार म्हणाले की आमच्यासाठी काही उरत नाही. पर्ससीनवाले म्हणाले की आम्हीही कर्ज काढूनच धंद्यात उतरलोय. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी करून १८२ वर आणायचे, आणि मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडीच्या प्रखर दिव्यांनी मासे खेचून पकडण्यावर बंदी घातली. कागदावर नियम चांगले आहेत. पण रात्री आमच्या गच्चीवरून समुद्राकडे बघितलं की एखाद्या रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो.

या भांडणात मी कुणाच्या बाजूचा, हे विचारलंत तर पारंपरिकवाल्यांच्या. पण हे सांगणं मला सोपं आहे, कारण मी पुण्यात पगारावर आहे. गावात एकाच घरात एक भाऊ पर्ससीनवर आणि दुसरा छोट्या होडीवर असतो, दिवाळीला दोघं एकाच पाटावर बसतात. आणि काकाची गाडी दोघांचाही मासा वाहते. खेपेचा दर सारखाच.

धक्का नसण्याची खरी किंमत रीलमध्ये दिसत नाही. ती वादळात दिसते. वारा फिरला की हर्णैसमोर नावा उभ्या ठेवता येत नाहीत. मग सगळ्या नावा जवळच्या अंजर्ल्याच्या खाडीत पळतात. त्या खाडीचं तोंड गाळाने भरलंय. भरतीची वेळ साधली तर नाव आत जाते, नाही साधली तर वाळूवर टेकते आणि मागून येणारी लाट तिला आडवी करते. घराच्या इतक्या जवळ येऊन नावा फुटल्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मासेमारी १ जूनलाच बंद होते, त्यामुळे नावा बाहेर नव्हत्या, एवढंच नशीब. तरी पत्रे, कौलं, नारळी-पोफळी, काही राहिलं नाही. लॉकडाऊन चालू, मी पुण्यात, आणि गावाचा फोन लागत नव्हता. पाचव्या दिवशी काकाचा आवाज ऐकला तेव्हा त्याने आधी बैल ठीक असल्याचं सांगितलं, मग काकू, मग स्वतः.

म्हणून धक्का हवा, ही मागणी माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. प्रत्येक निवडणुकीत तिचा नारळ फुटत आलाय. आता मासेमारी बंदराला मंजुरी मिळाली आहे. लाटा अडवणारा बांध, बोटी लागायला जेट्टी, लिलावाला छप्पर असं सगळं होणार म्हणतात. झालं तर खोल पाणी आणि कोरडी वाळू यांच्यातला आमचा पट्टा संपेल. नाव थेट जेट्टीला लागेल, क्रेट थेट टेम्पोत जाईल. खेप राहणार नाही.

गेल्या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा मी हा विषय काढला. संध्याकाळचा लिलाव संपला होता. काका बैलांना गोड्या पाण्याने धूत होता. रोज धुवावं लागतं, नाही तर मीठ चढून कातडी फुटते.

"जेट्टी झाली की गाडीचं काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? बंद."

"वाईट नाही वाटणार?"

"तुझ्या आज्याला वाटलं होतं काय, पडाव बंद झाले तेव्हा? त्यानं माझ्यासाठी बैल घेऊन दिले. जन्मभर माणसं पाठीवर घेतलीन त्यानं, शेवटी पाठ सरळ होत नव्हती." त्याने बैलाच्या खुरातली वाळू बोटाने काढली. "वीस वर्षांमागं आमच्या वाडीतला पोरगा अंजर्ल्याच्या तोंडावर गेला. धक्का असता तर आज त्याची पोरं कॉलेजात असती. वाईट कसलं वाटायचं?"

मग थोडा वेळ तो काही बोलला नाही. पांढऱ्या बैलाचं वय झालंय, पुढच्या सीझनला तो पाण्यात उतरणार नाही, हे मला काकूने आधीच सांगितलं होतं. नवीन बैल घ्यायचा की नाही, हे अजून ठरत नाहीये. जेट्टी दोन वर्षांत झाली तर बैलाचे पैसे अंगावर पडतील. दहा वर्षं लागली तर बैलाशिवाय दहा वर्षं काढायची कशी? दापोलीच्या बँकेत नाही, बंदर खात्यात नाही, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

"तू तिकडं पुण्यात कंप्युटरवर असतोस ना," काका म्हणाला, "जरा बघ, काम कधी पुरं होणार ते कुठं लिहिलंय काय."

मी फोन काढला. नेटवर्क नव्हतं. आम्ही दोघांनी बैल गोठ्यात बांधले आणि पेंड घातली.